नैताम भाऊ, ती चूक तुमची नव्हती

नैताम भाऊ,

तुमचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल परीक्षेच्या बॅचेस लावत बसले होते. तुम्ही नेहमीप्रमाणे आधी माझ्या आईची तब्येत विचारली, मग चंद्रपुरात ऊन किती तापलं ते विचारलं आणि मग जरा थांबून म्हणालात, "मॅडम, एकदा इकडं या. एक चीज दाखवाची हाये. फोनवर नाई सांगता येत." मी म्हटलं, परीक्षा संपल्या की येते. तुम्ही म्हणालात, "या मंग आरामानं."

परीक्षा संपल्या. मग पेपर तपासायचे होते, मग भाच्याचं लग्न होतं, मग आईचे डोळे दाखवायचे होते. तुम्ही पुन्हा फोन केला नाहीत. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची तुम्हाला सवयच नव्हती.

खरं सांगू? मी कामात होते म्हणून आले नाही, असं नाही. मी टाळत होते. कुरखेडा काही परदेशात नाही. सकाळच्या बसने निघालं तर दुपारी तुमच्या अंगणात पोचता येतं. पण तुम्हाला काय दाखवायचं आहे ते मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. बारा वर्षांपूर्वीच्या एका दुपारीबद्दल तुम्ही अखेर बोलणार आणि मला तुमच्याकडे पाहून उत्तर द्यावं लागणार, या भीतीने मी एकेक कारण काढत गेले. मग तुमच्या लेकीचा, सुमनचा फोन आला. तीन दिवसांचा ताप, कुरखेड्याचा दवाखाना, तिथून गडचिरोलीला नेताना रस्त्यातच. तिने एवढंच सांगितलं. मला रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की आता ते विचारणार नाहीत.

भाऊ, हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही, म्हणून आधी सांगते. तुम्ही गेल्याचं कळलं आणि त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याची शिक्षा म्हणा, काही म्हणा, तेव्हापासून तुम्ही लॅबमधून हलत नाही. आत येण्याआधी तुम्ही दाराबाहेर एकदा खाकरायचात. मी मीटरसमोर असताना अचानक कोणी आलं तर दचकून माझा हात हलायचा आणि अर्ध्या तासाचं मोजमाप वाया जायचं, म्हणून. आता दुपारी तीनच्या सुमाराला, व्हरांडा रिकामा असताना, तो खाकरा ऐकू येतो. मी वर पाहत नाही. एकदा पाहिलं होतं.

मी कॉलेजात आले तेव्हा तात्पुरती प्राध्यापिका होते. पीएच.डी. अर्धवट, गाईड नागपुरात, आणि सगळं काम आपल्या त्या मागच्या खोलीत. तुम्ही लॅब अटेंडंट. दहावीत गणितात राहिलेले, तरी अख्ख्या सायन्स विंगमध्ये एखादं यंत्र रुसलं की सगळे तुम्हालाच हाक मारायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शिकवलंत ते फिजिक्सच्या कुठल्या पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत नाही. माझी काळी वडी, म्हणजे भट्टीत भाजून केलेला खडूच्या तुकड्याएवढा नमुना, तिच्यातून थोडासा करंट पाठवायचा आणि तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज पडतं ते मोजायचं, असं माझं काम होतं. ते व्होल्टेज इतकं बारीक की एका व्होल्टचे दहा लाख भाग करून त्यातला एक उचलावा आणि त्याचेही पुन्हा तुकडे करावेत. मीटरचे आकडे काही केल्या थांबत नव्हते. मी वैतागून उठले, येरझाऱ्या घालू लागले, तर आकडे आणखीच नाचायला लागले. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमी हालून राह्यल्या म्हणून ते हालून राह्यलं. बसा. साडी बी सुती नेसा उद्यापासून."

अंगावरच्या कपड्यात साचलेली वीज मीटरला दुरून कळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही ते पाहिलं होतं. मोजमापाच्या दिवशी तुम्ही सुती सदरा घालून यायचात आणि टेबलापासून तीन पावलं मागे, हात मागे बांधून, न हलता उभे राहायचात. तासन्‌तास. खोलीत दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर मी माझी पर्स ठेवायची. इतक्या वर्षांत मी एकदाही ती उचलून, बसा, असं तुम्हाला म्हटलं नाही. हे मला तुम्ही गेल्यावर आठवलं.

वडी थंड करायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. तो नागपूरहून आणायचा म्हणजे निम्मा उडून जायचा. तुम्हीच शोधून काढलंत की जनावरांच्या दवाखान्यात गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो येतो. तिथल्या कंपाउंडरशी ओळख काढलीत आणि आपला डबा स्कूटीवर पायांपाशी धरून, खड्डे चुकवत, धूर सोडत आणायचात. रस्त्यावरची माणसं वळून पाहायची. तुम्ही सांगायचात, "मॅडमच्या पीएच.डी.ले थंडी वाजून राह्यली, म्हणून घेऊन चाललो."

वडी डब्यात हळूहळू खाली सोडायची, म्हणजे ती थंड होत जाते. त्यासाठी लांब दांडीच्या टोकाला तिला धरून ठेवणारा होल्डर हवा होता. तुम्ही पितळेचा तुकडा कानसीने घासून तो केलात. आठ दिवस लागले. मी सगळ्यांना दाखवत फिरले होते.

आणि मग तो उतार दिसला. वडी थंड होत असताना एका ठरावीक तापमानाला तिचं व्होल्टेज एकदम खाली आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच जागी. या पदार्थात असा उतार कोणी पाहिला नव्हता. मी तिथूनच गाईड सरांना फोन लावला. तुम्ही आलेख बराच वेळ न्याहाळत होतात. मग म्हणालात, "मॅडम, करंट एकडाव उलटा पाठवून पाहाव का?"

तुमचं बरोबर होतं. दोन वेगळे धातू जिथे जोडले जातात, तिथे एक टोक गरम आणि एक थंड असलं की त्या जोडातच थोडं व्होल्टेज उगवतं. ते वडीचं नसतं, तारांचं असतं. करंटची दिशा उलटी केली की वडीचं व्होल्टेज उलटं होतं, जोडाचं मात्र होतं तसंच राहतं. दोन्ही वेळा मोजून वजाबाकी केली की खोटं गळून पडतं. पण करंट देणाऱ्या आपल्या जुन्या यंत्राला, सोर्सला, दिशा बदलायची तर तारा सोडून पुन्हा बांधाव्या लागत, आणि तेवढ्यात वडीचं तापमान कुठल्या कुठे जाई. मी म्हटलं, सुरुवातीला आणि शेवटी उलटं करून पाहिलंय, मधे गरज नाही. गाईड सरही तेच म्हणाले. लेख छापून आला. खाली माझं नाव होतं, सरांचं नाव होतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी प्रोग्रॅमेबल करंट सोर्स आला. तुम्ही त्याचं खोकं असं उघडलंत की जणू आत झोपलेलं लेकरू आहे. कॉम्प्युटरवरून त्याला सांगायचं, इतका करंट दे, इतके सेकंद दे, आता दिशा उलटी कर, पुन्हा सुलटी कर. तो मीटरशी ताल धरून सेकंदासेकंदाला दिशा बदलत राहतो आणि वजाबाकी होऊन खरा आकडा तेवढा समोर येतो. तुम्ही दिवसभर त्याच्या तोंडाकडे पाहत होतात. "हा सांगितलं तेवढंच देते मॅडम. ना कमी, ना जास्त. असा माणूस भेटत नाई."

प्रबंध सादर करायला दोन महिने उरले होते. नोकरी कायम होण्याची मुलाखत त्याच्यावर अडली होती. नवा सोर्स कसा चालतो ते पाहू, म्हणून आपण जुनीच वडी त्याच होल्डरमध्ये लावली. दुपारची वेळ होती. वडी खाली जात गेली, तापमान उतरत गेलं, ती जागा आली आणि गेली. रेघ सरळ होती.

मी म्हटलं, पुन्हा. नायट्रोजन आणखी एका वेळेपुरता होता. पुन्हा सरळ.

तुम्ही हळूच विचारलंत, "उतार कुठी गेला, मॅडम?"

मी म्हटलं, वडीला तडा गेला असेल. तुम्ही दांडी वर घेतलीत, वडी उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलीत आणि म्हणालात, "तशीच तं दिसून राह्यली." मग रजिस्टर ओढून पेनाचं टोपण काढलंत. प्रत्येक मोजमाप त्यात तुमच्या हाताने लिहायचा आपला नियम होता. मी म्हटलं, हे लिहू नका, ही ट्रायल होती. तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त समजून घ्यायला बघत होतात, आणि तेच मला सोसलं नाही. मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला फिजिक्स कळतं का?"

"नाई मॅडम," तुम्ही म्हणालात आणि पेनाला टोपण लावलंत.

गोंडपिपरीच्या शेतकऱ्याची पोर मी. तोवर तुमच्याशी आपल्या बोलीत बोलायची, 'काऊन भाऊ', 'कुठी गेलते भाऊ' म्हणायची. ते वाक्य मात्र मी शुद्ध, पुस्तकी मराठीत टाकलं. त्यानंतर तुमच्याशी मी कायम त्याच मराठीत बोलले. तुमच्या लक्षात आलं असेलच.

मला पीएच.डी. मिळाली. नोकरी कायम झाली. तुमच्या घरून मोहाचे लाडू आले, सगळ्या विभागाला पुरतील एवढे. तुम्ही पहिला लाडू माझ्या हातावर ठेवलात. मी तो खाल्ला, भाऊ. 

पुढे इतकी वर्षं आपण त्याच खोलीत वावरलो आणि त्या दुपारचं नाव कोणी काढलं नाही. मी त्या वडीवर पुन्हा काम केलं नाही. ती काचेच्या कोरड्या डब्यात ठेवून दिली आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. कोणी माझ्या लेखाचा हवाला दिला की मी ते पान उलटून टाकायची. तुम्ही मुलांना तारा जोडायला शिकवताना सांगायचात, "उलटं करून पाहा पोरंहो, उलटं करून." मला वाटायचं, हे मला ऐकवताहेत. तुम्ही मला खिंडीत गाठून आहात, कधीतरी बोलाल, असं धरून मी तुमच्याशी जास्तीच गोड वागत गेले. तुमच्या निरोप समारंभात केलेलं माझं भाषण सगळ्यांना आवडलं. त्यात एकही खरं वाक्य नव्हतं.

तुमच्या गावी आले ते तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनी. तुमचं दिवसकार्य उरकलं होतं. अंगणात तेंदूपानांचे पुडे वाळत घातले होते. दाराशी सुमन उभी होती, 'जोहार' म्हणाली. ती आता आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, तुम्ही अभिमानाने सांगायचात. तुमच्या घरच्या बाई माझ्याशी गोंडीत काही बोलल्या. सुमनने सांगितलं, "आई म्हणते, हे लय वाट पाहत होते तुमची."

मी मान खाली घातली.

सुमन आत गेली आणि एक वही आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. म्हणाली, "बाबानं सांगितलं होतं, मॅडमले हे हातातच द्याचं. डाकेनं नोको, कॉलेजच्या पत्त्यावर तं बिलकुल नोको."

वही तिच्या नर्सिंगच्या अभ्यासाची होती. मागून उलटी करून तुम्ही तिच्यात लिहिलं होतं. तुमचं ते जाड, डावीकडे झुकलेलं अक्षर. मी तिथेच अंगणात बसून पहिलं पान उघडलं.

लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद होतं, मी गोंडपिपरीला आईजवळ अडकले होते आणि उंदीर, ओल यांच्यावर लक्ष ठेवायला तुम्ही रोज लॅबमध्ये जायचात. दर आठवड्याला फोन यायचा, "मॅडम, डबा कोरडा हाये, मशिनी बेस हायेत." जनावरांचा दवाखाना तेव्हाही चालू होता. नायट्रोजन येत होता. तुम्ही ती वडी काढलीत, जुना होल्डर लावलात, नवा सोर्स सुरू केलात आणि एकट्याने मोजायला बसलात. बसलात की उभेच राहिलात, कोण जाणे.

मला वाटलं होतं, तुम्ही मला खोटं पाडायला निघाला असाल. पानं उलटत गेले तसं कळलं. पहिल्या दिवसाखाली लिहिलं होतं, 'मॅडमचा उतार आज नाई दिसला.' दुसऱ्या दिवसाखाली, 'आज पन नाई.' मग करंट कमी करून पाहिलात, जास्त करून पाहिलात, दांडी अगदी सावकाश सोडलीत, तारा बदलल्यात. 'आज पन नाई.' 'आज पन नाई.' अकरा दिवस, भाऊ. तुम्ही माझा उतार शोधत होतात. तो खरा निघावा म्हणून अकरा दिवस धडपडत होतात.

बाराव्या दिवशी तुम्ही उलट चाललात. नवा सोर्स एकाच दिशेने करंट देत राहील असं केलंत, आपल्या जुन्या पद्धतीसारखं, आणि उतार परत आला. मग होल्डर उलटा फिरवून लावलात, डावीकडचं टोक उजवीकडे. उताराच्या जागी उंचवटा आला. तिथे तुम्ही आलेख हातानेच काढला आहे आणि बाजूला लिहिलंय, 'टेकडी.' खाली पुढचं पान. 'होल्डर काचेवर ठेवून पाहिला. एका अंगानं दीड मिलिमीटर खाली हाये. तेच टोक आधी थंडीत जाते. मी घासला होता. मॅडमचा पेपर माझ्यानं चुकला. चूक माझी हाये, मॅडमची नाई.'

फडक्यात नवा होल्डर होता. पितळेचा, सरळ, आरशासारखा घासलेला. हीच ती चीज.

तुमच्या अंगणात बसून मला जे झालं त्याला दुःख म्हणता येत नाही. तुम्ही त्या दुपारी माझ्याकडे पाहत होतात ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. तुम्ही समजलात की रेघ सरळ आली ती मॅडमलाही कोडं आहे. मी झाकलं, हे तुमच्या मनातच आलं नाही. तुम्ही स्वतःच्या हातावर संशय घेतलात आणि तो खरा निघाल्यावर ओझं घेऊन गावी गेलात. वही कॉलेजात ठेवली नाहीत, कोणाच्या हाती लागून माझी बदनामी होऊ नये म्हणून. मला बोलावलंत ते माफी मागायला. आणि मी घाबरून आले नाही.

सुमनने विचारलं, "बाबाची खरंच चूक होती का, मॅडम? ते घरी त्याच्यावरच बोलत राहत."

"नाही."

"मंग कोणाची?"

तुमच्या घरच्या बाई आमच्याकडे पाहत होत्या. मराठी पुरतं कळत नसलं तरी त्यांना सगळं कळत होतं. मी म्हटलं, "माझी. रेघ सरळ आली ते मी पाहिलं होतं. तुझ्या बाबाले मीच म्हटलं, लिहू नोका." आपली बोली किती वर्षांनी तोंडात आली. सुमन आईकडे वळली. आईला तिने गोंडीत सांगितलं. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मी जावं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापुढे ठेवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा, मला अजून कळलेलं नाही.

होल्डर वाकडा असणं ही चूक होती, आणि अशी चूक कोणाच्याही हातून होते. म्हणूनच तर करंट उलटा करून पाहायचा असतो. पद्धत नीट असती तर तुमचा होल्डर कितीही वाकडा असता तरी रेघ सरळ आली असती, आणि आलीच होती. यंत्राने त्या दिवशी खरं सांगितलं, तुम्हीही लिहायला निघाला होतात. मधे मी होते. हे मला तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं. माझं ऐकून तुम्ही मान हलवून म्हटलं असतंत, "नाई मॅडम, होल्डर माझाच वाकडा." आपला वाद तिथेच अडकला असता, हे मी जाणते. तरी तो वाद करायला मिळायला हवा होता.

चंद्रपूरला परतल्यावर मी वडी बाहेर काढली. जनावरांच्या दवाखान्यातून नायट्रोजन स्वतः आणला. कंपाउंडरने विचारलं, नैताम भाऊ काऊन नाई आले. मी सांगितलं. तो डबा काठोकाठ भरून देत राहिला. सुती साडी नेसले. तुमचा नवा होल्डर लावला, सोर्सला आज्ञा दिल्या, सुलट, उलट, सुलट, आणि वडी खाली सोडत गेले. खोलीत मी एकटीच होते, दाराला आतून कडी. रेघ सरळ चालली होती.

ती जागा जवळ आली तेव्हा आकडे थरथरले. कोणी माणूस टेबलाजवळ येताना थरथरतात, अगदी तसे. मी मागे न पाहता म्हणाले, "भाऊ, तिथीच थांबा." तोंडातून निघून गेलं. आकडे हळूहळू शांत झाले. रेघ त्या जागेवरून सरळ पुढे गेली.

तार कुठे सैल असेल, बाहेर कोणी पंखा लावला असेल. कारण शोधणं हे माझं काम आहे, आणि मी ते शोधलं नाही. मोजमाप संपेपर्यंत मी मागे वळले नाही. मग उठून दुसऱ्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि खाली ठेवली. पुढच्या दोन्ही वेळा ती खुर्ची रिकामी ठेवून मोजलं.

गाईड सर आता निवृत्त आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले की एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय, त्या लेखावर कोणाचं घर उभं नाही, राहू दे. माझं घर उभं आहे सर, असं मी म्हटलं. त्यांनी, काय करायचं ते कर, पण मला विचारून केलंस असं लिहू नकोस, एवढं सांगून फोन ठेवला. मग मी तीन पत्रं लिहिली. एक ज्या संशोधनपत्रिकेत लेख आला तिला, एक विद्यापीठाला, एक प्राचार्यांना. पहिल्या दोन पत्रांसोबत तुमच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि दोष कोणी शोधला त्या जागी तुमचं पूर्ण नाव लिहिलं. झाकला कोणी, त्या जागी माझं. 'ट्रायल' हा शब्द कुठेही वापरला नाही.

पहिली दोन पत्रं टाकून आले आणि सुमनला फोन केला. तिने विचारलं, "आता तुमच्या नोकरीचं काय होईन?" मी म्हटलं, माहीत नाही. डिग्री काढून घेतील, चौकशी लावतील, किंवा काहीच करणार नाहीत आणि फाईल कुठेतरी पडून राहील. प्राचार्यांचं पत्र मात्र उद्या हातात नेऊन द्यायचं आहे, आणि मला भीती वाटते आहे.

ती म्हणाली, "बाबा असते तं म्हटले असते, एकट्या नोका जाऊ मॅडम, मी येतो."

तसंच म्हणाला असतात. आणि केबिनबाहेर हात मागे बांधून उभे राहिला असतात.

काल अकरा वाजता मी गेले, भाऊ. व्हरांड्यात मुलं नव्हती, सुट्ट्या आहेत. दारावर हात ठेवला आणि लोटण्याआधी मागे वळून पाहिलं. पार जिन्यापर्यंत पाहिलं. मग पत्र हातात घट्ट धरलं, एकदा खाकरले आणि आत गेले.